घड्याळचोराची दाढी

वेढ्याचा तिसरा महिना लागला, तरी मादाम पेलिसिएंच्या शिळाछापखान्याची चाकं थांबली नव्हती. १८७० सालचा हिवाळा होता आणि पॅरिसभोवती प्रशियन, म्हणजे जर्मन, फौजा बसल्या होत्या. आत पीठ येत नव्हतं, कोळसा येत नव्हता, गावाकडचं पत्र येत नव्हतं. पण दर आठवड्याला दगडावर एक नवं व्यंगचित्र उतरत होतं, आणि पाव मिळो न मिळो, लोक चार पैसे टाकून ते नेत होते. खिडकीला चिकटवत, दारूच्या गुत्त्यात लावत. पोटात काही नसलं की माणसाला कुणावर तरी हसावंसं वाटतं, असं मादाम म्हणायच्या, आणि त्यांचा धंदा बघता ते खोटं नव्हतं.

झेली कोर्मिए तिथे चित्रं रंगवायची. पस्तिशीची, विधवा, हात मात्र असा की ओल्या कागदावरसुद्धा रंग फुटायचा नाही. पत्र्याचे साचे ठेवून भराभर रंग मारणाऱ्या आणखी दोघी बायका होत्या, पण नमुन्याचा पहिला कागद झेलीच रंगवायची. तिने जो रंग ठरवला तो पुढे हजार कागदांवर जायचा. घरी तिची आई होती, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली.

दगडावरून कागद उचलणारा माणूस इग्नास वेंडलिंग. सगळे त्याला वेंडलिंगबाबा म्हणत. पन्नाशी उलटलेला, खांदे बैलासारखे, आणि छातीवर रुळणारी तांबडीलाल दाढी. मूळचा आल्सासमधल्या, म्हणजे जर्मन सरहद्दीवरच्या फ्रेंच मुलखातल्या, कोलमारचा. बायको आणि मुलगी तिकडेच. उन्हाळ्यात तो दोन महिन्यांच्या कामासाठी म्हणून पॅरिसला आला आणि लढाईने परतीची वाट बंद केली. बोलताना जर्मन वळणाने 'ब'चा 'प' करायचा, 'द'चा 'त', 'ग'चा 'क'. बायका त्याला मुद्दाम बोलतं करायच्या.

"वेंडलिंगबाबा, 'दोन बदकं बागेत गेली' म्हणा ना!"

"तोन पतकं पाकेत केली," तो निमूटपणे म्हणायचा, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच खदखदून हसायचा.

नोव्हेंबरच्या शेवटी चित्रकार अमेदे रिव्हार नवी कल्पना घेऊन आला. प्रशियन शिपाई फ्रेंच घरातलं भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून पळतोय, आणि खाली नाव, 'घड्याळचोर'. प्रशियन लोक जातील तिथली घड्याळं पळवतात अशी गावभर बोलवा होती. टोकदार टोप, बूट, घड्याळ, सगळं अमेदेने अर्ध्या तासात दगडावर उतरवलं. चेहऱ्याशी येऊन खडू थांबला.

"प्रशियन माणूस जवळून पाहिलाय का कुणी?" त्याने विचारलं.

कुणीच पाहिला नव्हता. अमेदेने मान वर केली. समोर यंत्राचं चाक ओढत वेंडलिंग उभा होता. अमेदे त्याच्याकडे टक लावून पाहत राहिला आणि मग हसला.

"बाबा, जरा मान वळवा. तुमचं तोंड उसनं देता का?"

"काढ की!" वेंडलिंग म्हणाला. "मला कुठं आता पुन्हा लक्न जुळवायचंय?"

दगडावर उतरला तो चेहरा दाढीवाल्या कुठल्याही माणसाचा वाटावा असा होता. भुवया जाड, नाक फुगवलेलं, डोळे बटाट्यासारखे. पहिला कागद वेंडलिंगनेच काढला. तो उलटसुलट पाहून म्हणाला, "नाक माझं नाही. माझ्या सासऱ्याचं आहे."

मग तो कागद झेलीकडे आला.

"दाढी पिवळी दे," अमेदे जाता जाता म्हणाला. "प्रशियन सगळे पिवळेच असतात."

झेलीने पिवळा रंग कालवायला घेतला होता. त्या सकाळी तिने आईला कोमट पाण्यात पाव भिजवून भरवला होता आणि स्वतः काहीच खाल्लं नव्हतं. खोलीत इतकी थंडी होती की बोटं वाकत नव्हती. कुणीच बोलत नव्हतं. तिला वाटलं, जरा गंमत करावी. पिवळ्यात तिने लाल हिंगूळ मिसळला, कडांना गेरूचा हात दिला, आणि हनुवटीखाली, जिथे वेंडलिंगची दाढी जरा फिकी पडत होती, तिथे ब्रश कोरडा करून फिरवला. पाच महिने ती दाढी रोज डोळ्यांसमोर होती. रंग पहिल्या फटक्यात जमला.

तिने कागद उचलून दाखवला, आणि सगळा छापखाना हसून लोळायचा बाकी राहिला. यंत्राचं चाक सोडून वेंडलिंग पुढे आला. कागद गालाशी धरून तो फेऱ्या मारू लागला, मग भिंतीवरचं मादामचं घड्याळ काखेत मारायचं सोंग केलं. मादामसुद्धा डोळे पुसत म्हणाल्या, "असंच राहू दे. पिवळ्यापेक्षा हे उठून दिसतं."

चित्र तुफान खपलं. आठवड्याभरात ते कोपऱ्याकोपऱ्यावर लागलं. पोरं खऱ्या माणसावर दगड मारावेत तसे त्या तांबड्या दाढीवर चिखलाचे गोळे मारू लागली.

डिसेंबरच्या सुरुवातीला एक दिवस वेंडलिंग कामावर आला तेव्हा त्याच्या कोटावर चिखल होता.

"काय झालं हो बाबा?" झेलीने विचारलं.

"काही नाही. पोरं." त्याने कोट झटकला. "मला पघून म्हणाली, घड्याळ परत कर. मी म्हटलं, किती वाजलेत ते तरी सांका!"

तो हसला, म्हणून तीही हसली. पण त्या दिवशी दाढीचा साचा ठेवताना तिला तो चिखल दिसत राहिला. ती अमेदेशी बोललीही. अमेदे उलट फुशारला. "बघ, माझी रेघ किती जिवंत आहे! लोक रस्त्यात ओळखतात!"

त्या दिवसांत शहराचं डोकं ठिकाणावर नव्हतं. कुणाच्या माडीवर हिरव्या काचेचा दिवा दिसला तरी शत्रूला इशारे देतो म्हणून दार फोडत. हेराच्या शोधात आंधळ्या भिकाऱ्यांचेसुद्धा खिसे तपासले गेले. त्यात वेंडलिंग, असा दाढीवाला, आणि तोंड उघडलं की तसा बोलणारा.

डिसेंबरच्या मध्यावर, एका सकाळी नऊच्या सुमारास, झेली खाटकाच्या दारात रांगेत उभी होती. घोड्याच्या मांसाचं तिकीट हातात. दर तिसऱ्या दिवशी मांस मिळायचं, तेही माणशी मूठभर, आणि मागच्या खेपेला तिचा नंबर येण्याआधीच दुकानाची फळी खाली पडली होती. बर्फ पडून गेला होता. रांगेतल्या बायकांच्या तोंडांवर शाली होत्या, पाय आपटण्याचा आवाज तेवढा येत होता. तिच्यापुढे आठ-दहा माणसं सोडून वेंडलिंग उभा होता. त्याने तिला अजून पाहिलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या बाईच्या हातातून तिकीट खाली पडलं. त्याने वाकून उचललं.

"पाई, तुमचं तिकीट," तो म्हणाला.

बाई वळली. तिने दाढी पाहिली, मग चेहरा. ती एक पाऊल मागे सरली.

"हा तोच," ती म्हणाली. आधी हळू, मग ओरडून. "अहो, हा तोच! कागदावरचा! बोलतो कसा ऐकलंत का?"

"पाई, मी कोलमारचा," वेंडलिंग हात वर करून म्हणाला. "मी फ्रेंच आहे. छापखान्यात काम करतो, इथंच, पलीकडच्या कल्लीत."

"कल्लीत म्हणे! ऐका, ऐका!"

"प्रशियन! आमच्या रांगेत उभा राहून आमचंच मांस खातोय!"

पहिला धक्का कुणी दिला ते दिसलं नाही. रांग तुटली. कुणीतरी त्याची दाढी धरली. समोरच्या कॅफेच्या काचेवर ते चित्र लावलेलं होतं. एका माणसाने ते फाडून आणलं आणि वेंडलिंगच्या तोंडाशेजारी धरलं. छापखान्यात वेंडलिंगने स्वतः धरलं होतं, अगदी तसंच. लोकांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग काठ्या आल्या.

झेलीच्या तोंडात शब्द आला होता. 'मी ओळखते यांना,' एवढंच म्हणायचं होतं. त्याच वेळी रांग पुढे सरकली, कारण निम्मी माणसं मारायला धावली होती. खाटकाचं दार आता चार पावलांवर होतं. मागच्या बाईने तिला कोपराने ढोसलं. "सरक ना पुढे! का जागा सोडतेस?"

खाली पडलेल्या वेंडलिंगने मान उचलली, आणि पायांच्या गर्दीतून त्याची नजर सरळ तिच्यावर आली. नजरानजर झाली. एक क्षणभरच. मग त्याने डोळे दुसरीकडे वळवले.

झेली पुढे सरकली.

नॅशनल गार्डचे, म्हणजे शहराच्या नागरी फौजेचे, चार शिपाई आले आणि त्यांनी त्याला ओढत चौकीवर नेलं. झेलीला मांस मिळालं. घरी आणून तिने ते शिजवलं, आईला भरवलं. आई म्हणाली, "आज रस्सा छान झालाय, तू पण घे." झेलीने आपला वाटाही तिच्याच वाडग्यात ओतला.

दुपारी तिने मादामना सांगितलं, बाबांना पकडलंय असं ऐकलं. 'ऐकलं' असंच म्हणाली. मादाम टोपी घालून तडक निघाल्या. चौकीवर त्यांना दोन दिवस हेलपाटे घालायला लावले. शेवटी वॉर्डाच्या अधिकाऱ्याची सही आणली तेव्हा कुठे माणूस सुटला. ते दोन दिवस त्याला तळघरात ठेवलं होतं, अंगावर नुसता सदरा, खाली दगड. दाढी शिपायांनी कात्रीने निम्मी कापली होती. उरलेली त्याने घरी येऊन स्वतः काढली.

तो कामावर आला तेव्हा दारात कोण उभं आहे ते बायकांना कळेना. गाल खपाटीला गेलेले, हनुवटी लहान, गोरी, एखाद्या मुलासारखी. उजव्या हाताची दोन बोटं बांधलेली.

"काय पघताय?" तो म्हणाला. "म्हातारा तरुण झाला."

यावेळी कुणी हसलं नाही.

नाताळच्या आठवड्यात मादामना 'घड्याळचोर'ची दुसरी आवृत्ती काढायची होती. मागणीच तशी होती. झेली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मादाम, निदान दाढीचा रंग बदलू या. पिवळी करते. काळी करते."

"लोक तांबड्या दाढीचाच मागतात गं." मादामनी मान वर केली नाही. त्या काही दुष्ट नव्हत्या; वेंडलिंगसाठी त्यांनीच स्वतःच्या घरचं जुनं फर्निचर फोडून लाकूड पाठवलं होतं. "आणि आता काय उपयोग? त्याला दाढी राहिलीय कुठे?"

दगड पुन्हा यंत्रावर चढला. अमेदे त्या दिवशी आला नाही. वेंडलिंगने दीड हजार कागद काढले, दर कागदाला खोकत, बांधलेली बोटं वर धरून. झेलीला ते बघवेना. दुपारी बाकीच्या बायका सूपच्या वाडग्यासाठी बाहेर गेल्या तेव्हा ती त्याच्यापाशी गेली.

"बाबा, तो रंग मी..."

"माहीत आहे की." त्याने शाईचा रूळ खाली ठेवला. "असा रंक तुसऱ्या कुणाला जमणार?"

तिला रडू फुटलं. त्याने हात पुसायची चिंधी तिच्यापुढे केली. मग हलक्या आवाजात म्हणाला, "आणि त्या तिवशी पोलली नाहीस ते परं केलंस पोरी. तुलाही ओढलं असतं. घरी आई आहे तुझी."

तिने मान हलवली. पण तिला ठाऊक होतं की तिला कुणी ओढलं नसतं. ती खाटकाच्या त्याच गल्लीत जन्मलेली, तिला सगळे ओळखत होते. तिने एक शब्द टाकला असता तर निम्म्या काठ्या थांबल्या असत्या. तो हे जाणून बोलत होता की खरंच त्याला तसं वाटत होतं, हे तिला कधी कळलं नाही.

जानेवारीत त्याचा खोकला छातीत उतरला. तोफांचे गोळे नदीपलीकडच्या वस्तीवर पडत होते आणि इस्पितळं भरलेली होती, म्हणून तो खोलीतच पडून राहिला. झेली रोज कामानंतर जायची. लाकूड ओलं असायचं, धूर फार आणि ऊब कमी. तो बायकोला पत्रं सांगायचा आणि ती लिहून घ्यायची. शहराबाहेर टपाल नेणारे मोठाले वायुफुगे सुटत, त्यातून ती पत्रं जात. कुठे उतरत, कुणाच्या हाती पडत, देव जाणे. पत्रांत तो रांगेबद्दल काही सांगायचा नाही. 'मी दाढी काढली आहे, तू ओळखणार नाहीस,' एवढं एका पत्रात होतं.

शहर शरण गेलं त्याच्या सहा दिवस आधी तो गेला. मादाम, अमेदे, झेली आणि खोलीवाली बाई, एवढीच माणसं गाडीमागून चालत गेली. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणणाऱ्याने दोनदा कुदळ बदलली. फेब्रुवारी संपता संपता तहाच्या अटी कळल्या. आल्सास प्रशियनांकडे गेला होता. रांगेतल्या लोकांनी ज्याला प्रशियन ठरवून मारलं, त्याचं गाव आता खरोखरच तिकडचं झालं होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, मादामचं पत्र मिळाल्यावर, त्याची बायको ओदील वेंडलिंग आली. गाड्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि परवान्यांसाठी तिने चार दिवस घालवले होते. काळ्या शालीतली उंच, सावकाश बोलणारी बाई. नवऱ्यासारखाच 'प' म्हणायची. वेंडलिंगचा कोट, चाकू, चष्मा अशा वस्तू मादामनी जपून ठेवल्या होत्या, त्या तिने पिशवीत भरल्या. मग ती उठेना.

"त्यांचा एखाता फोटो आहे का?" तिने विचारलं. "आमच्याकडे एकही नाही. पुढच्या वर्षी काढू, पुढच्या वर्षी काढू, असं करत राहिलो. मुलकी म्हणते, पापांचा चेहरा विसरायला लागले."

अमेदे तिथेच होता. तो म्हणाला, "वहिनी, तासभर बसा. मी काढून देतो."

तो खडू घेऊन बसला. तासाचे दोन तास झाले. त्याने एकामागून एक सात चेहरे काढले. पहिल्यात नाक फुगलं, दुसऱ्यात भुवया चढल्या. जितका सांभाळून काढायला जाई तितका चेहरा सोंग घेई. त्याच्या हाताला दुसरी सवयच उरली नव्हती. ओदील प्रत्येक कागद हातात घेऊन नीट बघायची आणि परत द्यायची.

"छान आहे," ती म्हणायची. "पण हे ते नाहीत."

सातव्यानंतर अमेदेने खडू ठेवला आणि बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तेव्हा झेलीने फळीवरून 'घड्याळचोर' काढला आणि टेबलावर ठेवला. मग तिने सांगितलं. चेहरा कसा घेतला, रंग कुणी दिला, सगळे कसे हसले, आणि त्या कागदामुळे रस्त्यावर लोकांनी त्याला कसं ओळखलं. ओदील ऐकत होती. तिची नजर कागदावरून हलली नाही.

"रंक तुम्ही तिलात?"

"हो."

"मुलीचे केस असेच आहेत." तिने दाढीवर बोट ठेवलं. "अकती असेच. खाली जरा फिके."

मग ओदीलने कात्री मागितली. झेली कागदाला कात्री लावणार, तोच ओदीलने ती तिच्याकडून काढून घेतली आणि स्वतः कापलं. आधी टोप, मग गणवेश, मग घड्याळ. हातात उरला तळहाताएवढा तुकडा, फुगलेलं नाक आणि तांबडी दाढी. तो तिने प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला.

"तुम्हाला माफ केलं असं मला म्हणता यायचं नाही," ती झेलीला म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पण हे मी नेते."

झेली तिला स्टेशनवर सोडायला गेली. एक पिशवी तिच्या हातात, एक ओदीलच्या. फलाट आल्सासकडे जाणाऱ्या आणि तिकडून निघून आलेल्या माणसांनी गच्च भरला होता. बायका, गाद्या, पिंजऱ्यातल्या कोंबड्या. गाडीला वेळ होता. दोघी एका पेटीवर बसल्या. ओदीलने पाव काढला, मोडला आणि अर्धा झेलीपुढे धरला. झेलीने तो घेतला.

"एक विचारू?" ओदील म्हणाली. "त्या तिवशी, रांकेत. त्यांच्या ओळखीचं कुणीच नव्हतं का?"

झेलीच्या तोंडात घास होता. तो तिने गिळला.

"नाही," ती म्हणाली. "कुणी नव्हतं."

ओदीलने मान डोलावली. "मलाही तसंच वाटलं. असतं तर कुणीतरी पोललं असतं."

शिट्टी झाली. झेलीने दोन्ही पिशव्या आत चढवून दिल्या. ओदीलला खिडकीजवळची जागा मिळाली नाही, त्यामुळे गाडी हलली तेव्हा काचेमागे दुसरीच माणसं दिसत होती.